अबोल चित्रकाराचं चरित्र लिहिताय? गायतोंडेंच्या निमित्ताने या चुका टाळा

वासुदेव गायतोंडेंवर लिहायला बसलेला माणूस पहिल्याच पानावर त्यांचा ऋषी करून टाकतो. मुलाखती मोजक्या, म्हणून मोकळ्या जागेत मौन आणि ध्यान भरायचं. झेन या बौद्ध ध्यानपंथाची ओढ खरीच होती. पण तेच गायतोंडे आवडीने सिनेमे बघत, पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकत, आणि मुंबईत भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकार-नाटकवाल्यांच्या गजबजाटात काम करत. पुढे दिल्लीत निजामुद्दीन भागातल्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, ते एकटे राहिले, म्हणून १९२४ साली नागपुरात जन्मल्यापासूनच विरक्त होते असं नाही.

रिकामी वर्षं दिसली की लेखणी शिवशिवते. १९८४च्या अपघातानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास नाहीत, की लगेच ‘खचले’ असं लिहून मोकळं व्हायचं! त्याच काळातली कागदावरची शाईची छोटी कामं बघा. मोठ्या कॅनव्हासवर रोलर आणि रंगाची सुरी (पॅलेट नाइफ) चालवायला अंगात बळ लागतं, कागदाला तेवढं लागत नाही. नंतर ते कॅनव्हासकडे परतलेही. चित्रं समोर असताना मनःस्थितीचा अंदाज कशाला बांधायचा?

सगळ्यात जास्त वेळ खातात ती शीर्षक नसलेली चित्रं. बहुतेक चित्रांचं नाव ‘अनटायटल्ड’. ‘ते पिवळं’ अशी नोंद केलीत की मेलात, कारण महिन्याभरात चार पिवळी निघतात. वर्ष, सेंटिमीटरमध्ये माप, माध्यम आणि चित्राच्या पाठीचा फोटो, एवढं प्रत्येक चित्राच्या नोंद-कार्डावर हवंच. सही अनेकदा पाठीवरच असते. तारीख आणि आठवण यांचं जुळत नसेल, तर आधी चित्र उलटं करून बघा.

आठवणींचं वेगळंच दुखणं. एकच किस्सा पाच जणांनी सांगितला म्हणजे पाच पुरावे झाले असं नव्हे; बहुतेक वेळा चौघांनी तो पाचव्याकडूनच ऐकलेला असतो. ‘ते कसे होते?’ विचारलंत तर ‘फार बोलायचे नाहीत हो’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा: तुम्ही कुठे बसायचात, चहा कोण करायचं, भिंतीला टेकवलेलं चित्र ओलं होतं का? मग माणूस आठवायला लागतो.

किमतींनी सुरुवात तर नकोच. २०१३मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं १९७९चं चित्र २३ कोटींच्या पुढे गेलं, पण ते गेले २००१ साली. त्या आकड्याशी त्यांच्या आयुष्याचा काय संबंध?

आणि घरच्यांपैकी कुणी ‘हे छापू नका’ म्हणालं, तर ‘एका निकटवर्तीयाच्या मते’ची पळवाट काढू नका. अशा माणसाचे निकटवर्तीय असतातच चार-पाच. कोण बोललं ते उरलेल्यांना पहिल्या ओळीतच कळतं, आणि मग तेही दार लावून घेतात.