नाईट करून घरी आल्यावरही डोक्यातला वॉर्ड बंद होत नसेल तर

मी सरकारी रुग्णालयातून इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. अजून पोरींचे फोन येतात, "सिस्टर, घरी आले तरी कानात मॉनिटर वाजतो." त्यांना सांगते तेच इथे लिहिते.

ओव्हर, म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला द्यायची पेशंटची माहिती, नुसती तोंडी देऊ नका. सकाळी सगळ्यांनाच घाई असते. पण नंतर रिक्षात छातीत धडधडतं ते न लिहिलेल्या गोष्टीमुळेच: चौदा नंबरचं पोटॅशियम किती वाजता लावलं, सांगितलं का मी? काय चालू, काय बाकी, कुठल्या डॉक्टरांना किती वाजता कळवलं, हे रजिस्टरला लिहा. पुढच्या सिस्टरला बेडपाशी नेऊन दाखवा, मग निघा. तरी राहवलं नाही तर वॉर्डात एकदा फोन करा. दुसऱ्यांदा नाही.

पहाटे तीननंतर चहा नको. घरी जाताना गॉगल लावा, डोळ्यांवर ऊन आलं की झोप उडते. आणि आल्या आल्या पोळ्या लाटायला उभ्या राहू नका. 'दिवसभर घरीच तर असते' हे तिथूनच सुरू होतं. सासूबाई रुसतील, रुसू देत.

नातेवाईक अंगावर धावून आला तर 'चालायचंच' म्हणू नका. त्याच ड्युटीत मेट्रनच्या, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांच्या, नावे लेखी द्या, पोच घ्या. मारहाण झाली तर राज्याचा 2010 चा कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. त्रास आपल्यातल्याच कुणाचा आणि लैंगिक असेल तर अंतर्गत समितीकडे जा. 3 महिन्यांची मुदत असते, म्हणून मेसेज पुसू नका.

दोन आठवडे झोप नाही, ड्युटीच्या नावाने रडू येतं, असं असेल तर थांबू नका. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही मोजू नका. आपल्याच रुग्णालयात केसपेपर काढला की दुपारपर्यंत सगळ्या वॉर्डांत बातमी, ही भीती मला ठाऊक आहे. मग आधी टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांकडे गेलात तर आपल्याला नाईट असते हे त्यांना आवर्जून सांगा, गोळीची वेळ त्यावर ठरते. वॉर्डच्या कपाटातली अल्प्राझोलाम, म्हणजे मन शांत करणारी, झोप आणणारी गोळी, मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका. आपल्या हाताशी असते, म्हणूनच आपल्याला तिची सवय लवकर लागते.