टीव्हीवर संगणकाच्या चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर
संगणक एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडल्यावर टास्कबार अर्धाच दिसतो किंवा कोपऱ्यातले घड्याळ पडद्याबाहेर जाते, तेव्हा दोष बहुधा संगणकाचा नसतो. काचेच्या जुन्या पिक्चर ट्यूबवर चित्राच्या कडा नीट उमटत नसत, म्हणून चित्र किंचित मोठे करून त्या चौकटीआड लपवण्याची पद्धत पडली आणि ती ‘ओव्हरस्कॅन’ या नावाने सपाट पडद्यांच्या अनेक टीव्हींतही टिकून आहे. त्यामुळे आधी रिमोट हाती घ्यावा आणि टीव्हीच्या मेनूत ‘पिक्चर साइझ’ शोधून ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ यांपैकी जो पर्याय असेल तो निवडावा. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमधूनही चित्र लहान करून बसवता येते, पण त्यात अक्षरे धूसर होतात, म्हणून तो उपाय मी अगदी शेवटचा मानतो.

अक्षरे तरीही पुसट वाटली, तर विंडोजमधले रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातील आडव्या-उभ्या बिंदूंची संख्या, टीव्हीच्या मूळ रिझोल्यूशनइतके, म्हणजे फुल एचडी टीव्हीसाठी १९२० × १०८० ठेवावे आणि टीव्हीत संगणक जोडलेल्या इनपुटचे नाव ‘पीसी’ असे बदलून पाहावे. काही टीव्ही एवढ्यानेच चित्रावरची अनावश्यक प्रक्रिया थांबवतात. पडदा कोराच राहिल्यास विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडावे.