दृश्य प्रकाशातील उत्प्रेरक : निळा रंग उडाला म्हणून हुरळून जाऊ नका

अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपातील टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड म्हणजे पाण्यातील प्रदूषक प्रकाशाच्या मदतीने तोडणारा उत्प्रेरक. त्याची ऊर्जाफट, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने त्याला ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचाच प्रकाश लागतो आणि सूर्यप्रकाशात असा अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के असतो. म्हणून नायट्रोजन मिसळून किंवा ग्राफिटिक कार्बन नायट्राइड (दृश्य प्रकाश शोषणारा पिवळसर पदार्थ) जोडून त्याला दृश्य प्रकाशात कामाला लावण्याचे प्रयत्न होतात. पदार्थ बहुधा ठीक बनतो. घोळ होतो तो चाचणीत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रदूषक म्हणून केवळ मिथिलीन ब्लू या निळ्या रंगावर विसंबणे. हा रंग स्वतःच ६६४ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो आणि उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देऊन फिका पडतो. त्यामुळे कोणतीही सुधारणा न केलेली पांढरी पूडसुद्धा दृश्य प्रकाशात कर्तबगार वाटते. फिनॉलसारख्या रंगहीन प्रदूषकावर तीच चाचणी करावी आणि एकूण सेंद्रिय कार्बन घटतो का, म्हणजे प्रदूषक खरोखर तुटतो का, हे पाहावे. दिवा लावण्यापूर्वी द्रावण अंधारात अर्धा ते एक तास ढवळून घ्यावे, म्हणजे पुडीला नुसता चिकटणारा भाग आधीच चिकटून जातो. सेंट्रिफ्यूजनंतर नळीच्या तळाशी बसलेली पूड निळी दिसत असेल, तर निदान तेवढा रंग तुटलेला नसून पुडीला नुसता चिकटलेला आहे.

मराठवाड्यात एप्रिलचे ऊन फुकट मिळते, हे खरे. पण त्यात अतिनील किरणही येतात, शिवाय बीकर तापतो. ‘दृश्य प्रकाशात’ असा दावा करायचा असेल, तर ४२० नॅनोमीटरखालचा प्रकाश अडवणारा फिल्टर, थंड पाण्याचे आवरण आणि उत्प्रेरकाविना केलेला एक प्रयोग, एवढे तरी हवेच.

नायट्रोजन जितका जास्त तितके बरे, हाही गैरसमजच आहे. प्रमाण वाढले की प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या मागे उरलेल्या रिक्त जागा (होल) काम करण्याआधीच पुन्हा एकत्र येण्याची ठिकाणे वाढतात आणि पिवळाधमक नमुना फिक्या नमुन्यापेक्षा मंद ठरू शकतो. भट्टीतून पूड पांढरी होऊन निघाली, तर तापमान जास्त होऊन नायट्रोजन निघून गेला असावा.

ऊर्ध्वपातित पाण्यातला आकडा आपल्याकडच्या बोअरच्या कठीण (क्षारयुक्त) पाण्यात टिकेलच असे नाही, कारण त्यातील बायकार्बोनेट हे प्रदूषक तोडणारे अतिक्रियाशील कण, म्हणजे हायड्रॉक्सिल मूलके, गिळतात. म्हणून वाळूज औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याची भाषा करण्याआधी बोअरच्या पाण्यात प्रदूषक मिसळून तोच प्रयोग करावा आणि दोन्ही वेग शेजारी-शेजारी मांडावेत.