नऊवारीचं डिजिटल संग्रहालय करताय? या चुका टाळा

एका प्रदर्शनात टचस्क्रीनवर नऊवारीतली बाहुली गोल गोल फिरत होती. एकदा बोट लावलं की साडीचा रंग बदलायचा, दुसऱ्यांदा लावलं की नथ यायची. शेजारच्या आजींनी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हिला काष्टाच नाही! एवढं नऊ वार लुगडं गेलं कुठे?"

आजींचं बरोबर होतं. पाचवारीच्या तयार मॉडेलवर कुणीतरी नऊवारीचे काठ चिकटवले होते. अशा प्रकल्पांत हमखास होणाऱ्या काही चुका आणि त्यांवरचे उपाय सांगतो.

कापड जपलं, नेसणं राहिलं

सगळ्यात मोठी चूक हीच. सदऱ्याला शिवणीचा आकार असतो. लुगडं म्हणजे जेमतेम सव्वाआठ मीटर लांबीचं सरळ कापड. कोळीण ते नेसते तेव्हा एक पोशाख होतो, ब्राह्मणी पद्धतीने नेसलं की दुसरा. त्यामुळे घडी उलगडून काढलेला फोटो म्हणजे अर्धीच नोंद.

कॅमेरा काढण्याआधी रोज लुगडं नेसणाऱ्या दोन-तीन बायका शोधा. वयस्कर असतील तर उत्तमच. समोरून, मागून आणि बाजूने असे तीन कॅमेरे लावा आणि मध्ये न थांबवता चित्रण करा. हात जवळून दिसले पाहिजेत. गाठ कुठे मारली, निऱ्या किती घेतल्या, काष्टा मागे नेऊन कसा खोचला, हे त्यांना नेसता नेसताच बोलू द्या. "हे आम्ही असंच करतो, शेतात वाकायला बरं पडतं," असं एखादं वाक्य दहा ओळींच्या माहितीफलकापेक्षा जास्त सांगून जातं. थ्रीडी मॉडेल या चित्रणावरून करा आणि लोकांसमोर ठेवण्याआधी त्याच बाईंना दाखवा.

भाड्याने मिळणारी शिवलेली नऊवारी संग्रहात घ्यायला हरकत नाही, पण नोंदीत 'शिवलेली' असं स्पष्ट लिहा.

चंद्रकळा राखाडी दिसते

कॅमेरा ऑटोवर असला की काळ्याभोर कापडाचाही उजेड तो मध्यम करडेपणापर्यंत चढवतो. मग संक्रांतीची चंद्रकळा धुतलेल्या पाटीसारखी दिसते. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, हाताने ठरवा. प्रत्येक कापडाच्या पहिल्या फोटोत रंगपट्टी ठेवा आणि नंतर तिच्यावरून रंग जुळवा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र करू नका.

धूपछाँवचं दुखणं निराळं. तिथे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे कोन बदलला की रंग बदलतो. एकच फोटो काढलात तर तो खोटाच निघणार. कापड हातात धरून हलवतानाचा छोटा व्हिडिओ जोडा.

पैठणीचं थ्रीडी स्कॅन भोकाभोकांचं येतं

अनेक फोटोंतले सारखे बिंदू जुळवून सॉफ्टवेअर आकार उभा करतं. जरीची चमक मात्र कॅमेऱ्याबरोबर सरकते, मग बिंदू जुळणार कसे? दिव्यावर आणि लेन्सवर एकमेकांना काटकोनात पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा उजेड जाऊ देणारे फिल्टर) लावले की चमक मरते आणि स्कॅन जमतं. पण चमक गेलेलं जरीकाम काय कामाचं! म्हणून तिरक्या उजेडात वेगळे फोटो घ्याच.

माझं मत विचाराल तर पैठणीला थ्रीडीचा हट्ट नको. सपाट, बारकाव्याने काढलेले फोटो पुरतात. फक्त आधी हिशेब करा. नऊ वार म्हणजे 324 इंच. रुंदी 45 इंच धरली आणि इंचाला 300 पिक्सेल घेतले, तर एका बाजूचे सुमारे 131 कोटी पिक्सेल होतात. साध्या 8 बिट रंगातही ती फाइल 4 जीबीच्या घरात जाते. 16 बिटमध्ये दुप्पट, आणि टिफ या नेहमीच्या चित्रस्वरूपातल्या फाइलची मर्यादाच 4 जीबी आहे. तिथे बिगटिफ हे त्याचंच मोठ्या फाइलींसाठीचं रूप लागतं. लोकांना दाखवताना त्याच चित्राचे छोटे तुकडे करा, म्हणजे फोनवर जेवढा भाग मोठा करून पाहिला तेवढाच उतरतो.

आणि मागची बाजू विसरू नका. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर उलटूनही जवळपास तसाच दिसतो, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. बोटाने कापड उलटून पाहायची सोय द्या. अशा सोयीला मी 'इंटरॅक्टिव्ह' म्हणेन. इरकलीत अंगाचा आणि पदराचा ताणा टोपतेणीच्या फासांनी जोडलेला असतो. तो जोड फोटो कापताना बाहेर गेला की इरकलीची ओळखच गेली.

शोधलं तर सापडत नाही

पाहणारा 'लुगडं' लिहितो, नोंदीत 'लुगडे' असतं. कुणी 'नववारी' लिहितं, कुणी 'पातळ'. प्रत्येक वस्तूला ही सगळी नावं जोडा, गावात बोलतात तीसुद्धा. नुसतं 'खण' शोधल्यावर कपाटाचे खणही निघतील, म्हणून 'चोळीचा खण' लिहा. जुन्या याद्या युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर आधी रूपांतर करा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. रफार हमखास हरवतो.

ॲप बंद, संग्रह बंद

ॲडोबीच्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचा आधार 31 डिसेंबर 2020 ला संपला आणि त्यावर बांधलेले कितीतरी कियॉस्क मुके झाले. मूळ फोटो, चित्रण आणि नोंदी ॲपच्या बाहेर, साध्या खुल्या स्वरूपात ठेवा. एक प्रत दुसऱ्या गावी असू द्या. संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने 'जतन' हे सॉफ्टवेअर केलेलं आहे. शून्यापासून ॲप बांधायला घेण्याआधी ते पाहून घ्या.

डाग पुसू नका

कुणाची तरी अष्टपुत्री, म्हणजे लग्नातली साडी येते, हळदीचे डाग पडलेली, एका कोपऱ्यात रफू केलेली. फोटोवर काम करणारा मुलगा उत्साहाने सगळं साफ करून टाकतो. मूळ फाइलला हात लावू देऊ नका. रफूचा वेगळा, जवळून फोटो घ्या. आणि कापड परत द्यायला जाल तेव्हा ते रफू कुणी केलं, तेवढं विचारून या.