नर्सिंगचा फायनल प्रोजेक्ट: सोलापुरात तो नेमका कुठे अडतो आणि कसा सोडवायचा

फायनल इयरचा प्रोजेक्ट लिहिताना क्वचितच अडतो. विषय मंजूर होतो, परवानगीची पत्रं फिरत राहतात आणि सॅम्पलला, म्हणजे ज्यांच्याकडून माहिती घ्यायची ती माणसं गाठायला, जेमतेम तीन आठवडे उरतात. म्हणून विषयाच्या आधी माणसं कुठे भेटणार ते बघा. ‘विडी कामगार महिलांचं श्वसनविकाराबद्दलचं ज्ञान’ हा विषय सोलापुरात जमतो, कारण विडी घरकुलसारख्या वसाहतीत घरोघरी सॅम्पल आहे. दुर्मिळ आजाराचे रुग्ण शोधायला गेलात तर वर्ष संपेल आणि वही कोरी राहील.

सॅम्पल किती? ‘गेल्या बॅचने ६० घेतले होते’ हे उत्तर व्हायवात (तोंडी परीक्षेत) टिकत नाही. साध्या सर्वेक्षणात प्रमाण (म्हणजे किती टक्के जणींना ती माहिती आहे ते) आधी माहीत नसेल तर ५० टक्के धरतात. ९५ टक्के विश्वासपातळी आणि १० टक्के चूक धरली तर १.९६ × १.९६ × ०.५ × ०.५ ÷ ०.०१, म्हणजे ९६ (१.९६ हा ९५ टक्के विश्वासपातळीचा ठरलेला आकडा, ०.०१ हा १० टक्क्यांचा वर्ग). दहा टक्के गळती धरून १०७. पाच जणींच्या गटात प्रत्येकीला २१-२२ मुलाखती येतात. चूक ५ टक्क्यांवर आणायची तर आकडा सुमारे ३८५ होतो, तेव्हा हौस बेताने करा. मात्र हे सूत्र प्रमाण काढणाऱ्या सर्वेक्षणाचं आहे. शिकवण्याआधी आणि नंतर गुण मोजणार असाल तर अपेक्षित फरक आणि प्रमाण विचलन (गुण किती विखुरलेले आहेत ते) घालून वेगळं गणित करावं लागतं.

पत्रं एकाच दिवशी तयार ठेवा. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाचं पत्र अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) नावे जातं, शहरातल्या नागरी आरोग्य केंद्राचं महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. सोबत टूल (म्हणजे प्रश्नावली), मराठी संमतीपत्र, तारखा आणि विद्यार्थिनींची संख्या जोडा. यातलं एक नसलं की फाईल परत येते. नैतिकता समितीच्या मंजुरीआधी घेतलेली माहिती नंतर मंजूर करून घेता येत नाही. सही करता न येणाऱ्या बाईचा अंगठा घ्यायचा आणि साक्षीदार गटाबाहेरचा हवा.

सगळ्यात जास्त वेळ टूलला द्या. इथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही घराघरांत आहे. तेलुगू बोलणाऱ्या, पण मराठी शाळेत शिकलेल्या बाईला तेलुगू लिपी येईलच असं नाही, तेव्हा छापील तेलुगू प्रश्नावली तिच्या हाती देऊन उपयोग नाही. प्रश्न वाचून विचारा आणि तेलुगू वाक्यं मुलाखत घेणारीच्या कागदावर आधीच पक्की करा. प्रत्येकीने आपापल्या परीने भाषांतर केलं तर १०७ मुलाखतींत पाच वेगळे प्रश्न होतात. एकीने भाषांतर करावं, मूळ न पाहिलेल्या दुसरीने ते परत मराठीत आणावं. मराठीतही फसगत होते: ‘दम लागतो का?’ आणि ‘दमा आहे का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ऐकणारी बाई दोन्हींना ‘हो’ म्हणू शकते.

टूल पाच तज्ज्ञांना दाखवलं तर प्रत्येक प्रश्न विषयाला धरून आहे यावर पाचही जणांचं एकमत हवं. सहा किंवा जास्त असतील तर ०.७८, म्हणजे ७८ टक्के तज्ज्ञांची सहमती चालते. बरोबर-चूक प्रश्नांची विश्वासार्हता (प्रश्न एकमेकांशी कितपत जुळतात ते) केआर-२० या सूत्राने काढा, मत विचारणाऱ्या पाच पर्यायांच्या प्रश्नांची क्रॉनबाख अल्फा या सूत्राने, आणि उत्तर ०.७ च्या खाली आलं तर कमकुवत प्रश्न काढा किंवा सुधारा. पायलटला (मुख्य कामाआधीच्या छोट्या चाचणीला) साधारण दहावा भाग, म्हणजे अकरा जणी पुरतात. विश्वासार्हतेला मात्र २०-३० असलेल्या बऱ्या. पायलटमधल्या बायका मुख्य सॅम्पलमध्ये घेऊ नका. विडी हजारावर मोजली जाते आणि मजुरी त्यावरच असते. हात थांबवून चाळीस प्रश्न कोण ऐकेल? वीस ठेवा.

शिकवून सातव्या दिवशी पोस्ट-टेस्ट घेणार असाल तर कोडचा घोळ आधी मिटवा. नाव लिहायचं नाही म्हणून कागदावर काहीच न लिहिणं ही नेहमीची चूक. मग कुठला पहिला कागद कुठल्या दुसऱ्याचा ते कळत नाही आणि पेअर्ड टी-टेस्ट (एकाच बाईच्या आधीच्या आणि नंतरच्या गुणांची तुलना) होतच नाही. दोन्ही कागदांवर व्ही-०१, व्ही-०२ असे कोड द्या, नावांची यादी वेगळी आणि कुलपात ठेवा. काय-स्क्वेअरच्या (शिक्षण आणि ज्ञान अशा दोन गोष्टींचा संबंध तपासणाऱ्या चाचणीच्या) तक्त्यात अपेक्षित आकडा पाचच्या खाली गेला तर गट एकत्र करा, नाहीतर फिशरची चाचणी लावा.

आणि कॅलेंडर. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, त्या दिवसांत घरं बंद. आषाढीला जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा पंढरपुरात गुंतलेली असते, तेव्हा सह्या लांबतात. एप्रिल-मेमध्ये घरभेटी सकाळी अकराच्या आत उरका. दुपारी वस्तीत दार उघडायलाही कोणी येत नाही.