काजू मोहोरण्याआधी पेटीचे तोंड फिरवा

दिवाळी आटोपली की गोव्यात डिचोली, सत्तरी, फोंड्याकडच्या परसांत मधमाश्यांच्या नव्या पेट्या दिसू लागतात. डिसेंबरपासून आंबा-काजू मोहोरतो, चारा मुबलक होतो आणि पावसात खंगलेली वसाहत झपाट्याने भरते. शेजाऱ्यांच्या तक्रारीही तेव्हाच सुरू होतात, म्हणून वाड्यावर पेटी ठेवणाऱ्याने बंदोबस्त आत्ताच करावा.

पेटी आपल्या अंगणात असली तरी जबाबदारी कुंपणाशी संपत नाही. ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका पोचू नये याची पुरेशी काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. या कायद्यात माणूस सोडून कुठलाही जीव म्हणजे प्राणी, त्यात माशीही आली. सार्वजनिक उपद्रव ठरला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली उपजिल्हाधिकारी तो दूर करण्याचा आदेश काढू शकतात. अर्थात भांडण एवढे वाढू देऊच नये. पेट्या किती, माशी कुठली आणि तुमचा फोन नंबर लिहून पंचायतीत किंवा पालिकेत पत्र द्या आणि पोच घ्या. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीची लेखी संमती हवी, भाड्याच्या घरात मालकाची.

शेजाऱ्याला मात्र कागद नको, पेटी दाखवा. लोकांच्या मनात आग्या मोहोळाची भीती असते. आपण पाळतो ती सातेरी, झाडाच्या ढोलीत राहणारी शांत माशी. गोव्यात हे नाव ग्रामदेवतेचे, त्यामुळे ते सांगितले की म्हाताऱ्या माणसांचा चेहरा जरा निवळतो, हा माझा अनुभव.

आता जागेचे. माझी पहिली पेटी मी विहिरीजवळ ठेवली होती, तोंड शेजारच्या काकींच्या कपड्यांच्या दोरीकडे. दोन दिवस ढगाळ गेले, तिसऱ्या दिवशी ऊन पडले आणि कोंडलेल्या माश्या एकदम बाहेर पडल्या. काकींनी चादर आणून दाखवली, पांढऱ्या कापडावर मोहरीएवढे पिवळे ठिपके. "बाबू, तिसऱ्यांदा धुतली रे ही!" ती माश्यांची विष्ठा होती. चूक माझीच. पेटीचे तोंड वाट, दोरी, शेजाऱ्याचा दरवाजा यांच्याकडे कधीच नको. समोर चार-पाच फुटांवर माणसाच्या उंचीपेक्षा वर जाणारी जास्वंदीची कुंपणी किंवा हिरवी जाळी असली की माशी तिथूनच वर चढते आणि डोक्यांवरून जाते. बसलेली पेटी हलवायची तर रोज हात-दीड हातच सरकवा. एकदम दहा मीटर नेलीत तर चाऱ्याला गेलेल्या माश्या जुन्या जागी येऊन घिरट्या घालतील.

पाणी पहिल्या दिवसापासून ठेवा. पसरट भांड्यात नारळाच्या सोडणाचे तुकडे टाकले की माशी बुडत नाही. एकदा तिला शेजाऱ्याच्या नळाची सवय लागली की मोडणे फार कठीण.

दाट वस्तीत दोनच पेट्या पुरेत, असे माझे मत. जानेवारीपासून दर आठवड्याला चौकटी उचलून राणीघरे, म्हणजे नवी राणी वाढते ती घरे, बघा. ती वेळीच काढली नाहीत किंवा वसाहत विभागली नाही तर थवा फुटून कुणाच्या तरी वळचणीला लटकतो. तपासणी उन्हात, दहा-अकराच्या सुमारास आणि मुले शाळेत असताना करा. डंख बसलाच तर काटा लगेच नखाने खरवडून काढा. घसा सुजला, श्वास लागला, चक्कर आली तर घरगुती उपायात वेळ न घालवता 108 ला फोन करा. मध विकणार असाल तर थोडा असला तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते.

शेवटचे फवारणीचे. काजूवर ढेकण्या, म्हणजे पालवी-मोहोराचा रस शोषणारी कीड, दिसला की शेजारचा बागायतदार औषध मारणारच, त्याला अडवता येत नाही. आदल्या दिवशी कळवा आणि माश्या परतल्यावर, संध्याकाळी मारा, एवढी विनंती आत्ताच करून ठेवा. सकाळी मारणार असेल तर आदल्या रात्री पेटीच्या तोंडाला बारीक जाळी लावा आणि वर ओले गोणपाट टाका. जाळी दुपारच्या उन्हाआधी काढायलाच हवी, नाहीतर कोंडलेल्या माश्या आत गुदमरतात.