'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' कानांनी पाहा, मग कोएन बंधूंच्या इतर चित्रपटांकडे वळा

जोएल आणि ईथन कोएन यांच्या २००७च्या या चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले, तरी पहिल्यांदा पाहून उठणारे अनेकजण शेवटावर चिडलेले असतात. चूक बहुधा पाहण्याच्या पद्धतीत असते. (पुढे कथानक उघड केलं आहे.)

आधी तयारी. मोबाइलच्या स्पीकरवर हा चित्रपट लावू नका. यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. भीती उभी राहते ती वारा, बुटांचा आवाज आणि दाराच्या फटीतून येणाऱ्या बारीक हालचालींतून. हेडफोन लावा किंवा रात्री घर शांत झाल्यावर पाहा. टीव्हीवर 'नाइट मोड' असेल तर बंद करा, कारण तो हळू आणि मोठे आवाज एका पातळीवर आणतो आणि अर्धी जादू तिथेच जाते. डब केलेली आवृत्ती टाळा. टेक्सासचं बोलणं कळायला अवघड आहे, म्हणून सबटायटल्स जरूर घ्या. मात्र कंसात आवाजांची वर्णनं देणारी नकोत, ती पैशांच्या बॅगेत लपवलेला ट्रान्समीटर शोधणाऱ्या यंत्राची पिकपिक तुमच्या कानांआधी सांगून टाकतात.

पहिल्या अर्ध्या तासात पेट्रोल पंपाचा प्रसंग येतो. पैशांच्या मागावर असलेला मारेकरी शिगर (हाविएर बार्डेम) म्हाताऱ्या मालकाला छापा-काटा करायला लावतो. नाणं १९५८चं, बावीस वर्षं फिरून इथवर आलेलं. म्हणजे काळ १९८०चा. काउंटरवर टाकलेला काजूचा कागद हळूहळू उलगडतो, तो ऐका. कॅमेरा दोघांच्या चेहऱ्यांकडे इतक्या सावकाश सरकतो की पहिल्यांदा लक्षातही येत नाही. संगीतकार कार्टर बरवेलने इथे फ्रिजच्या घरघरीशी जुळणारा एक खर्जातला सूर मिसळला आहे. हा प्रसंग लागलीच दुसऱ्यांदा पाहा, या वेळी फक्त मालकाकडे बघत.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक हत्येच्या वेळी एकच प्रश्न विचारा: हे आपल्याला कितपत दाखवलं? सुरुवातीला हातकडीने गळा आवळलेला पोलीस आणि फरशीवरचे बुटांचे ओरखडे, सगळं समोर. पुढे शिगरच्या मागावर पाठवलेल्या वेल्सला गोळी लागते आणि वाहत येणाऱ्या रक्तापासून शिगर फक्त पाय उचलतो. मॉस, म्हणजे ते पैसे उचलून पळालेला आणि ज्याला आपण नायक समजत होतो, तो पडद्याबाहेर मरतो. त्याची बायको कार्ला जीन हिच्या वेळी तर शिगर घराबाहेर येऊन बुटांचे तळवे तपासतो, एवढंच. हिंसा कमी होत नाही, ती आपल्या नजरेआड जाते. चित्रपट मॉसच्या हातून निसटून तपास करणाऱ्या म्हाताऱ्या शेरीफ (पोलीस प्रमुख) बेलकडे जातो, आणि बेल प्रत्येक ठिकाणी उशिरा पोहोचतो. अंतिम झुंजीची वाट पाहत बसलं की बेल शेवटी सांगतो ते स्वप्न रिकामं वाटतं. बेलच्या थकव्यावर लक्ष ठेवलं तर वाटत नाही. कॉरमॅक मॅकार्थीची मूळ कादंबरी नंतर वाचा, आधी नको.

कोएन बंधूंचे बाकीचे चित्रपट क्रमाने पाहायची गरज नाही. 'ब्लड सिंपल' (१९८४) आधी घ्या: तोही टेक्सासचाच, आणि त्यात प्रत्येक पात्राला प्रेक्षकापेक्षा कमी माहीत असतं. मग 'फार्गो' (१९९६). त्याच्या सुरुवातीला 'ही सत्यकथा आहे' असं येतं, त्यावर विश्वास ठेवू नका. गरोदर पोलीस प्रमुख मार्ज ही बेलच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे; हिंसेला कसं सामोरं जायचं हा प्रश्न तोच, पण ती हरलेली नाही. 'मिलर्स क्रॉसिंग' (१९९०) मध्ये गोळीबारावर मोठ्याने गाणं वाजतं, म्हणजे इथल्या शांततेच्या नेमकं उलट. २००८चा 'बर्न आफ्टर रीडिंग' विनोदी आहे, तरी कपाटातली ती एक गोळी शिगरच्या जगातून आल्यासारखी लागते.

श्रेयनामावली वाचत चला. छायालेखक रॉजर डीकिन्स 'बार्टन फिंक' (१९९१) पासून बहुतेक चित्रपटांत आहे, बरवेल पहिल्या चित्रपटापासून. संकलक रॉडरिक जेन्स मात्र शोधू नका. ते दोघा भावांनीच घेतलेलं टोपणनाव आहे.